गाडीच्या टॅक्सची तारीख चुकू नये म्हणून

आधी एक गोष्ट नक्की करा: तुमच्या गाडीला मुदतीचा टॅक्स आहे की एकरकमी? दुचाकी आणि खाजगी कारचा टॅक्स महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळीच भरून होतो. साडेसात हजार किलोपर्यंतच्या नव्या मालवाहू गाड्यांचाही, म्हणजे छोटा हत्ती, पिकअप वगैरे, आता एकरकमीच घेतात. जुन्यांपैकी काही मात्र अजून वार्षिक भरतात. मोठे ट्रक, टिप्पर, बस यांना तिमाही नाहीतर वार्षिक. अंदाजावर जाऊ नका. एम-परिवहन ॲपमध्ये गाडी नंबर टाका. टॅक्सच्या रकान्यात 'एलटीटी' दिसलं तर तो आयुष्यभराचा भरलेला आहे. तारीख दिसली तर ती तुमची शेवटची तारीख.

मुदत उलटली की थकलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के व्याज चढतं. तिमाहीचे ४००० रुपये असतील तर महिन्याला ८० रुपये. रक्कम छोटी वाटते, पण खरा फटका व्याजाचा नसतो. टॅक्स थकला की फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा आरटीओचा दाखला) होत नाही, आणि फिटनेस संपलेली व्यावसायिक गाडी कायद्याच्या नजरेत नोंदणी नसलेलीच. अशा गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. म्हणून एकट्या टॅक्सची तारीख लिहून भागत नाही, सगळ्या तारखा एकाच पानावर हव्यात.

साधी दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक गाडीला एक पान. वर गाडी नंबर, चेसिस नंबरचे (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर) शेवटचे पाच आकडे, आरसी (नोंदणीचं पुस्तक) कोणाच्या नावावर आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर. खाली विमा, पीयूसी, टॅक्स, फिटनेस, परमिट आणि पर्यावरण कर. प्रत्येकापुढे दोन तारखा: संपण्याची आणि कामाला लागण्याची. विम्याला पंधरा दिवस आधी लागा, टॅक्सला महिनाभर आधी, फिटनेसला दीड महिना. फिटनेसला इतका वेळ यासाठी, की आपल्या सिरोंचाहून आरटीओ कार्यालय असलेलं गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर पडतं आणि हेलपाटा झाला तर दिवस जातो. आरटीओचं शिबिर तालुक्याला कधी आहे ते आधीच विचारून ठेवा. वेळापत्रक आगाऊ लागलेलं असतं.

क्रमही पाळा. आधी विमा, मग पीयूसी (बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आणि त्यानंतरच्या गाड्यांना वर्षभराची, त्याआधीच्यांना सहा महिन्यांची), मग थकलेली चलानं, मग टॅक्स, शेवटी फिटनेस. उलट्या क्रमाने गेलात तर फिटनेसच्या खिडकीवर अडकता. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. पर्यावरण करही आठ वर्षांनंतर सुरू होतो, हे बरेच जण विसरतात.

फिटनेसला जाण्याआधी गाडी धुवा, पण नुसती वरून नको. काळ्या मातीचा थर चेसिसवर सिमेंटसारखा बसतो आणि त्याखाली नंबर दिसेनासा होतो. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसा, तारेचा ब्रश अलगद फिरवा. जोरात खरवडलं तर कोरलेला आकडाच बुजतो आणि तुमचा चेसिस नंबर संशयास्पद ठरतो. रिफ्लेक्टर पट्ट्या, टेल लाईट, हॉर्न, वायपर तपासून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी पाटी (जादा सुरक्षेची नंबर प्लेट) बसवली नसेल तर तेही आधी उरका, नाहीतर आरटीओतली कामं अडतात.

ट्रक पावसाळ्यात उभा राहणार असेल आणि दिवाळीनंतर कापसाच्या हंगामात पुन्हा जिनिंगला लागणार असेल, तर गाडी वापरात नसल्याची सूचना आरटीओला द्या. ही सूचना मुदत सुरू होण्याआधी द्यावी लागते. मागाहून 'उभीच होती साहेब' म्हणून टॅक्स माफ होत नाही.

ट्रॅक्टरला सवलत आहे ती वावरातल्या कामापुरती. भाड्याने रेती, गिट्टी, विटा वाहिल्या तर ती टिकत नाही. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिलाही वहीत वेगळं पान द्या.

खाजगी दुचाकी-कारच्या पानावर एकच मोठी तारीख: पंधरा वर्षांची. आरसी नूतनीकरणाचा अर्ज ६० दिवस आधीपासून करता येतो आणि गाडी दाखवावी लागते. पर्यावरण कर त्याच वेळी. उशीर झाला तर केंद्राच्या नियमाप्रमाणे दुचाकीला महिन्याला ३०० रुपये जादा, कारला ५००. त्यानंतर दर पाच वर्षांनी हेच.

परिवहन पोर्टलवर टॅक्स ऑनलाईन भरताना चेसिसचे शेवटचे पाच आकडे आणि ओटीपी लागतो. ओटीपी जातो आरसीला जोडलेल्या मोबाईलवर. तो नंबर पुण्याला कामाला गेलेल्या पोराचा असला, किंवा बंद पडलेला असला, तर ऐन शेवटच्या दिवशी काम अडतं. आधीच बदलून घ्या. वडील वारले असतील आणि गाडी त्यांच्याच नावावर असेल तर ३० दिवसांत आरटीओला कळवा आणि तीन महिन्यांत नावावर करून घ्या.

खात्यातून पैसे कटले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. पोर्टलवर अडकलेला व्यवहार तपासायची सोय आहे, तिथे अर्ज क्रमांक टाकून पाहा. बहुतेकदा काही तासांत पावती निघते. आणि व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाईल (फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल) आली तर ती उघडू नका, कितीही सरकारी शिक्का दिसो. ती उघडली की फोनमधले ओटीपी चोरट्याच्या हाती लागतात.