दोन लोरा रेडिओ एकमेकांशी बोलत नाहीत? सेटिंग असं करा

विहिरीवरची मोटर एकीकडे, टाकी दुसरीकडे, आणि टाकी भरली का बघायला रोजची पायपीट, त्यासाठी मी ई३२-९००टी२०डी हे लोरा मॉड्यूल, म्हणजे कमी पॉवरवर लांबपर्यंत थोडी थोडी माहिती पाठवणारा छोटा रेडिओ, वापरतो. आमच्या आणि भावकीतल्या मळ्यांत बऱ्याच जोड्या बसवून झाल्यात.

अँटेना लावल्याशिवाय पॉवर देऊ नका, मॉड्यूल जळू शकतं. मॉड्यूल कॉम्प्युटरला जोडायला ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर घ्या, एकाच्या आरएक्सला (घेणारी पिन) दुसऱ्याचा टीएक्स (पाठवणारी पिन) जोडा, ग्राउंड कॉमन ठेवा. झालं.

एम-० आणि एम-१ या दोन पिना मोकळ्या सोडल्या की आतल्या पुल-अपमुळे (पिनेला वरच्या व्होल्टेजकडे ओढणारा रेझिस्टर) हाय होतात आणि मॉड्यूल सेटिंग मोडमध्ये जातं. सेटिंग करताना हेच हवं, पण काम करताना दोन्ही ग्राउंडला जोडायच्याच.

आता खरी अडचण, इथे माझा अख्खा आठवडा गेला होता. सेटिंग मोडमध्ये स्पीड ९६००च ठेवायचा आणि सहा बाइट पाठवायचे: सी० ०० ०० १ए ०४ ४४. हे हेक्समध्येच, म्हणजे सोळाच्या पायाचे आकडे म्हणूनच जायला पाहिजेत, अक्षरं म्हणून टाइप केले तर मॉड्यूलला काही कळत नाही, आणि टर्मिनल (कॉम्प्युटरवरून बाइट पाठवायचा प्रोग्राम) शेवटी एंटर जोडत असेल तर ते बंद करा. बरेच जण पहिल्या बाइटला सी० ऐवजी सी२ वापरायला सांगतात, कृपा करून ऐकू नका. सी२ ने लिहिलेलं पॉवर जाईपर्यंतच टिकतं. माझं एक मॉड्यूल सी० ने लिहिलेलं, दुसरं सी२ ने, टेबलावर दोन्ही मस्त बोलत होती, मग बंद करून एक विहिरीवर नेलं, चालू केलं तर गप्प, मी अँटेना बदलली, बांबू उंच केला, वायरी नव्याने सोल्डर केल्या, आणि चूक होती एवढीच की ते आपल्या मूळ चॅनेलवर परत गेलं होतं.

म्हणून लिहून झालं की पॉवर काढा, परत द्या, मग सी१ सी१ सी१ पाठवून वाचा. दोन्ही मॉड्यूलचे सहाच्या सहा बाइट कागदावर लिहून शेजारी शेजारी ताडून बघा, ही पायरी मी आजही गाळत नाही.

चौथ्या बाइटमध्ये दोन वेगळे स्पीड असतात, वायरीवरचा आणि हवेतला. वायरीवरचा दोन्हीकडे वेगळा चालतो, हवेतला एकच लागतो. १ए म्हणजे वायरीवर ९६००, हवेत २.४ के (सेकंदाला २.४ किलोबिट), टाकीच्या पातळीला ते भरपूर झालं.

पाचवा बाइट चॅनेल, ८६२ मध्ये मिळवायचा, म्हणजे ०४ चे ८६६ मेगाहर्ट्झ. कारखान्यातून ०६ येतो, म्हणजे ८६८, तो तसाच ठेवू नका. आपल्याकडे २००५ पासून ८६५ ते ८६७ मध्ये कमी पॉवरच्या उपकरणांना लायसन्स लागत नाही, पुढे ती हद्द ८६८ पर्यंत वाढली, पण ८६८ वर बसलात तर अर्धा सिग्नल हद्दीबाहेर सांडतो.

शेवटचा ४४ दोन्हीकडे सारखा ठेवा. त्यात एरर करेक्शनचा, म्हणजे वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करण्याचा बिट आहे, तो एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद असेल तर बाकी सगळं जुळूनही काही पोचत नाही.

मग एम-०, एम-१ ग्राउंडला, आणि एकीकडून काहीतरी पाठवून बघा. शेतात लावताना अँटेना उसाच्या वर येईल एवढी उंच घ्या, आणि ती उंची लावणीच्या वेळची नाही तर तोडणीच्या वेळच्या उसाची धरा.