थरांच्या जमिनीत भूऔष्णिक पाइलचा आराखडा कसा करावा

पाइल म्हणजे इमारतीचा भार खोल जमिनीत नेणारा काँक्रीटचा खांब. त्याच्या सळ्यांच्या पिंजऱ्याला एचडीपीई (एक प्रकारचे टिकाऊ प्लास्टिक) नळ्या बांधून त्यांतून पाणी फिरवले, की इमारतीतील उष्णता जमिनीत सोडता येते. चोपडा तालुक्यातील उनपदेवच्या गरम झऱ्याशी याचा संबंध नाही. येथे जमिनीचे वर्षभर जवळजवळ स्थिर राहणारे तापमानच कामी येते. खानदेशात गरज मुख्यतः गारव्याची असल्याने पाइल तापणार आणि लांबणार, हे धरूनच हिशेब मांडावा.

प्रथम बोअरची नोंद पाइलच्या तळाखालपर्यंत घ्यावी आणि प्रत्येक थरापुढे त्याचा घट्टपणा, ओलावा व उन्हाळ्यातील भूजल पातळी लिहावी. संपूर्ण खोलीची एकच सरासरी धरण्याची सवय मला धोक्याची वाटते, कारण मऊ आणि घट्ट थरांच्या सांध्यावर बदलणारा ताण त्या सरासरीत दिसतच नाही.

काँक्रीट १० अंशांनी तापले, तर २० मीटर लांबीची मोकळी पाइल सुमारे २ मिलिमीटर वाढते. हीच वाढ पूर्ण अडवली गेली, तर काँक्रीटमध्ये सुमारे ३ मेगापास्कल, म्हणजे ६०० मिलिमीटर व्यासाच्या पाइलमध्ये जवळजवळ ८५ टन, जादा दाब निर्माण होतो. प्रत्यक्षात अडवणूक अंशतः होते आणि ती किती होईल हे थर ठरवतात. पाइलवर एक स्थिर बिंदू असतो, ज्याच्या वरचा भाग वर आणि खालचा भाग खाली सरकतो, आणि हा बिंदू अधिक घट्ट थराकडे झुकतो. म्हणून बेसाल्टमध्ये रोवलेल्या पाइलमध्ये तो तळाजवळ जातो, जवळजवळ सर्व वाढ वर ढकलली जाते आणि इमारतीच्या वजनाने ती अडली की दाब वाढतो. यावल-रावेर पट्ट्यातील खोल गाळात मात्र खडक हाती लागत नाही. तेथे प्रत्येक थराचे घर्षण स्वतंत्र मोजावे. वरच्या काळ्या मातीचे घर्षण हिशेबात धरूच नये, कारण ती सुकली की आकसून पाइलपासून सुटते.

उष्णतेचा हिशेबही थरवार करावा. कोरड्या वाळूची उष्णतावहनक्षमता पाण्याने भरलेल्या वाळूच्या तुलनेत अनेक पटींनी कमी असते, त्यामुळे उपशाने पातळी खाली गेलेल्या भागात वरची वाळू ओली धरल्यास पाइलची क्षमता फुगलेली दिसते. वाहते भूजल असलेला थर मात्र उष्णता वाहून नेतो. नळ्यांची लांबी ठरवताना त्याला प्राधान्य द्यावे.

शेवटी एक चाचणी पाइल घालून थरांच्या प्रत्येक सांध्याच्या वर व खाली स्ट्रेन गेज (काँक्रीट किती ताणले वा दबले हे मोजणारे उपकरण) आणि तापमापी बसवाव्यात, आधी इमारतीइतका भार द्यावा आणि मगच तापवून मोजमाप घ्यावे.