हवा तो कंडेन्सर मिळत नाही? बदली टाकताना या चुका टाळा

"१० चा टँटलम हाय काय?"
"टँटलम न्हाई, साधा घ्या की. चालतंय."

कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला हा नेहमीचा संवाद. टँटलम, सिरॅमिक, इलेक्ट्रोलायटिक, फिल्म हे सगळे कंडेन्सरचे प्रकार. बऱ्याचदा खरंच चालतं. पण ज्या दिवशी चालत नाही, त्या दिवशी दोष प्रोग्रॅममध्ये आणि सोल्डरिंगमध्ये शोधण्यात अख्खा रविवार जातो. दुकानदार दोनच गोष्टी विचारतो, किती एमएफडी (म्हणजे मायक्रोफॅरड, कपॅसिटीचं माप) आणि किती व्होल्ट. तिसरी आपण स्वतःला विचारायची: सर्किटमध्ये हा कंडेन्सर कशासाठी बसवलाय? सप्लाय स्थिर ठेवायला, वेळ मोजायला, फ्रिक्वेन्सी ठरवायला, की मेन्सवर टाकायला? यातल्या प्रत्येक कामासाठी बदली वेगळी लागते.

टँटलमच्या जागी सिरॅमिक, आणि रेग्युलेटर नाचायला लागतो

सगळ्यात जास्त फसवणारी चूक ही. एलएम१११७ हा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप, घ्या. त्याच्या आउटपुटला किमान १० मायक्रोफॅरडचा टँटलम सांगितलेला असतो, आणि त्याचा ईएसआर, म्हणजे आतला रेझिस्टन्स, ०.३ ते २२ ओहमच्या दरम्यान हवा असतो. रेग्युलेटरचं फीडबॅक लूप या रेझिस्टन्सवरच स्थिर राहतं. सिरॅमिकचा ईएसआर काही मिलिओहमच असतो. तो 'जास्त चांगला' म्हणून बसवला की रेग्युलेटर ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे त्याचं आउटपुट भराभर वर-खाली हलत राहतं. मल्टिमीटर ३.३ दाखवतो, तरी मायक्रोकंट्रोलर मध्येच रीसेट होतो आणि लोड नसताना रेग्युलेटर कोमट लागतो. ऑसिलोस्कोप लावल्याशिवाय हे दिसत नाही.

उपाय दोन. साधा २२ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिक टाका. त्याचा ईएसआर साधारण या पट्ट्यातच बसतो. नाहीतर सिरॅमिकच ठेवा आणि त्याच्या एका पायाला सिरीजमध्ये अर्धा ते एक ओहमचा रेझिस्टर द्या. मात्र काही नवे रेग्युलेटर मुद्दाम सिरॅमिकसाठीच बनवलेले असतात. त्यांना हा नियम लावू नका, त्यांची डेटाशीट बघा.

सिरॅमिकचा आणखी एक गुण लक्षात ठेवा. एक्स५आर किंवा एक्स७आर प्रकारच्या छोट्या चिपवर व्होल्टेज आलं की तिची कपॅसिटी घटते. ०६०३ आकाराच्या, १० मायक्रोफॅरड, १० व्होल्टच्या चिपवर ५ व्होल्ट दिले तर निम्मी कपॅसिटी सहज गेलेली असते. म्हणून मोठा आकार आणि जास्त व्होल्टेजची चिप घ्या. वाय५व्ही प्रकारचा सिरॅमिक तर ०.१ मायक्रोफॅरडचा बायपास (चिपच्या सप्लायवरचे झटके गाळणारा) सोडला तर कुठेच नको. तापमानाने त्याची कपॅसिटी ८२ टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकते.

पट्टी बघून फसू नका. इलेक्ट्रोलायटिकच्या डब्यावरची पट्टी मायनस दाखवते. टँटलमवरची पट्टी किंवा खूण प्लस दाखवते. हाताला एकाची सवय असली की दुसरा हमखास उलटा बसतो, आणि उलटा टँटलम शॉर्ट होऊन पेटतो. टँटलमचं व्होल्टेज रेटिंगही लाइनच्या दुप्पट घ्या: ५ व्होल्टच्या लाइनवर १० चा, १२ च्या लाइनवर २५ चा.

टायमर संपतच नाही

५५५ या टायमर चिपच्या सर्किटमध्ये १ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर आणि ४.७ मेगओहमचा रेझिस्टर असेल तर वेळ येतो साधारण ५ सेकंद. फिल्म मिळाला नाही म्हणून १ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक टाकला, की कधी वेळ भलताच लांबतो, कधी टायमर थांबतच नाही. हिशेब करून बघा. सप्लाय १२ व्होल्ट, टायमर सुटतो दोन तृतीयांशावर, म्हणजे ८ व्होल्टला. तिथे पोचताना रेझिस्टरवर ४ व्होल्ट उरतात, म्हणजे फक्त ०.८५ मायक्रोॲम्पिअर करंट. छोट्या इलेक्ट्रोलायटिकच्या डेटाशीटमध्ये ३ मायक्रोॲम्पिअरपर्यंत लीकेज (कंडेन्सरमधून होणारी करंटची गळती) चालतं असं लिहिलेलं असतं. जेवढं आत येतं त्यापेक्षा जास्त गळतं, मग ८ व्होल्ट गाठणार कसे?

इथे पॉलिएस्टर फिल्मच हवा: १०५जे (म्हणजे १ मायक्रोफॅरड), ६३ व्होल्ट. नसेल तर ४७४ ची (०.४७ मायक्रोफॅरडची) दोन पॅरलल लावा, ०.९४ मायक्रोफॅरड होतात. पावसाळ्यात कोल्हापूरची हवा ओली असते, तेव्हा पायांमधला चिकट फ्लक्सही गळती करतो. असा बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा, मगच कंडेन्सरला दोष द्या.

पॉलिस्टायरीन आणि सिल्व्हर मायका

कंडेन्सरचे हे दोन्ही जुने प्रकार आता कोल्हापुरात मागून मिळायची आशा कमी. फिल्टर किंवा साध्या टायमिंगसाठी सी०जी म्हणजेच एनपी० सिरॅमिक टाका, काम होतं. ४७० पीएफ हवा आणि एकच नग नसेल तर २२०, २२० आणि ३३ पॅरलल करा.

हॅम रेडिओच्या व्हीएफओमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलता येणाऱ्या ऑसिलेटरमध्ये, मात्र जपून. कॉइल तापली की तिचा इंडक्टन्स वाढतो, आणि पॉलिस्टायरीन तापला की त्याची कपॅसिटी दर अंशाला साधारण १५० पीपीएमने (दहा लाखांत १५० भाग) घटते. दोघं एकमेकांना सावरतात. एनपी० जवळपास हलतच नाही, म्हणून ती सावरणूक जाते. सगळी कपॅसिटी पॉलिस्टायरीनची असेल तर ७ मेगाहर्ट्झवर १० अंशांच्या फरकाला तिचा वाटा सुमारे ५ किलोहर्ट्झ येतो. कंडेन्सर बदलल्यावर पेटी बंद करून अर्धा तास फ्रिक्वेन्सी टिपत राहा. ती खाली घसरत असेल तर एनपी० मधला थोडा भाग काढून तेवढाच एन१५० सिरॅमिक (तापल्यावर पॉलिस्टायरीनसारखाच घटणारा) घाला. पॉलिस्टायरीन जुन्या बोर्डावरून काढून वापरणार असाल तर पाय चिमट्याने धरा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते. ८५ अंशांच्या आसपास त्याची फिल्म मऊ पडते.

मेन्सवर तडजोड करायची नाही

हे कळकळीने सांगायचं आहे. २३० व्होल्ट एसीचं शिखर ३२५ व्होल्ट असतं, म्हणून ४०० व्होल्ट डीसीचा कंडेन्सर पुरेल असं वाटतं. पण लाइनवर त्यापेक्षा मोठे झटके येतात. थेट मेन्सवर २७५ व्होल्ट एसी आणि एक्स२ (मेन्ससाठीचा सुरक्षा वर्ग) असा छाप असलेलाच बसवा. फेज आणि अर्थिंगच्या मधला असेल तर फक्त वाय वर्गाचा. तो शॉर्ट झाला तर करंट पेटीवर आणि पेटीतून माणसाच्या हातात येतो.

जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये एक्स२ मिळतो, पण बसवण्याआधी मोजा. एक्स२ वर्षानुवर्षं हळूहळू कपॅसिटी गमावतो. ट्रान्सफॉर्मरशिवायच्या सर्किटमध्ये ०.४७ मायक्रोफॅरड सुमारे ३४ मिलिॲम्पिअर देतो. कपॅसिटी निम्मी झाली की करंटही निम्मा. डिस्चार्जसाठी ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकमेकांच्या सिरीजमध्ये जोडून एक्स२ ला पॅरलल लावा. एकट्या पाव वॅटच्या रेझिस्टरला एवढं व्होल्टेज झेपत नाही.

स्पीकरचा नॉन-पोलर

क्रॉसओव्हरला (स्पीकरमध्ये बारीक आणि जाड आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटला) ४.७ चा नॉन-पोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेला, मिळाला नाही म्हणून ४.७ चेच दोन साधे इलेक्ट्रोलायटिक जोडले जातात. सिरीजमध्ये ते २.३५ होतात आणि ट्वीटरचा आवाज पातळ येतो. १० चे दोन घ्या, मायनसला मायनस जोडा, ५ मिळतात.

बरणीतला जुना माल

वर्षानुवर्षं पडून असलेला इलेक्ट्रोलायटिक मल्टिमीटरवर बरोबर कपॅसिटी दाखवतो, तरी आतून लीक असू शकतो. ईएसआर दाखवणाऱ्या स्वस्त टेस्टरवर आधी तपासा. मग १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याच्या रेटिंगपेक्षा थोडं कमी व्होल्टेज द्या आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजत राहा. १ व्होल्ट म्हणजे १०० मायक्रोॲम्पिअर लीकेज. ते तासाभरात उतरत गेलं तर तो वापरता येईल. एका जागी अडकलं तर तो टाकून द्या. एखादा प्रकार इथे मिळालाच नाही, तर महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला निघालेल्या कुणाला तरी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची चिठ्ठी द्या. चिठ्ठीत एमएफडी आणि व्होल्टच्या पुढे प्रकार आणि तो कुठे बसवायचा आहे हेही लिहा.