बल-त्वरणाच्या प्रयोगाची तयारी: आधी फळीचा कल

महाराष्ट्र मंडळाच्या नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. म्हणजे शाळा उघडली की हा प्रयोग दारात उभा. न्यूटनचा दुसरा नियम (वस्तुमान तेच ठेवून बल दुप्पट केलं की त्वरणही दुप्पट) गाडी आणि वॉशर घेऊन वर्गात दाखवणार असाल तर ही तयारी आदल्या दिवशी नीट करा. गेल्या वर्षी माझा हा प्रयोग पूर्ण फसला आणि तो एकाच गोष्टीपायी फसला: फळीचा कल. बाकीचं थोडं मागंपुढं झालं तर निभावतं. हे निभावत नाही.

सामान सगळ्यांना माहीतच आहे: फळी, गाडी, कप्पी, दोरा, वॉशर, चिकटपट्टी, मोबाइल. गाडीला बांधलेला दोरा फळीच्या टोकावरच्या कप्पीवरून खाली सोडायचा, त्याला टांगलेले वॉशर गाडीला ओढतात. फळी सव्वा मीटरची आणि सनमायका लावलेली बघा. साधं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि गाडी मध्येच अडखळते. गाडीला बेअरिंगची चाकं हवीत. खेळण्यातली गाडी घेऊ नका, तिची चाकं डुगडुगतात. दोरा नायलॉनचा, सुतळी नको. वॉशर एकाच मापाचे घ्या आणि सोनाराच्या काट्यावर एकदा वजन करून आणा. वाण्याच्या काट्यावर चार-पाच ग्रॅमचा फरक धड कळत नाही, आणि इथं सगळा हिशोब २० ग्रॅमचा आहे.

गाडी आणि टांगलेलं वजन मिळून ५०० ग्रॅम भरू द्या आणि ते शेवटपर्यंत ५००च ठेवा. ओढ वाढवायची तर बाहेरून नवा वॉशर आणायचा नाही, गाडीतला काढून दोऱ्याला टांगायचा. टांगलेलं वजनही गाडीबरोबर वेग घेत असतं, त्यामुळे ते एकूण वस्तुमानात धरावंच लागतं. मुलांना हे आधी सांगा, नाहीतर कुणीतरी विचारतंच.

आता कल, म्हणजे घर्षणाची भरपाई होईल एवढाच फळीला दिलेला उतार. दोरा न बांधता, वजन न टांगता, गाडीला बोटानं हलकासा धक्का द्या. ती हळूहळू मंदावली तर कप्पीच्या उलट बाजूचं टोक उचलून खाली वही सरकवा. वेग वाढत गेला तर वही काढा. फळीवर ०, ३० आणि ६० सेंटिमीटरवर चिकटपट्टी लावलेली असतेच. पहिले ३० आणि दुसरे ३० सेंटिमीटर कापायला सारखाच वेळ लागला की कल जमला. माझ्या फळीला दोनशे पानी दोन वह्या लागतात, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर. एवढ्याशा उंचीनं काय होणार असं वाटतं. सगळं तिथंच आहे.

गेल्या वर्षी मी कल लावला होता, पण तो प्रयोगशाळेत. फळी वर्गात नेली आणि वह्या प्रयोगशाळेच्या ओट्यावरच राहिल्या. २० ग्रॅम टांगले, ६० सेंटिमीटरला २.२६ सेकंद. ४० ग्रॅम टांगले, १.३८ सेकंद. मुलांनी फळ्यावर गणित केलं: त्वरण ०.२३ आणि ०.६३ मीटर प्रति सेकंद वर्ग. बल दुप्पट, त्वरण अडीचपटीच्या वर. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “बाई, मग नियम चुकीचा आहे का?” मी म्हणाले, घर्षणामुळे थोडं इकडंतिकडं होतं. ते उत्तर मला वर्षभर सलत राहिलं, कारण ते थोडं नव्हतंच. घर्षणानं ८ ग्रॅमची ओढ खाल्ली होती. वीसातून आठ गेले, उरले बारा. चाळीसातून आठ गेले, उरले बत्तीस. बारा आणि बत्तीस म्हणजे दुप्पट नव्हेच. गाडीवरच्या असंतुलित बलाच्या प्रमाणात त्वरण बरोबरच येत होतं. बल किती हे सांगताना मीच चुकले होते. कल बरोबर असता तर १.७५ आणि १.२४ सेकंद आले असते, म्हणजे त्वरण ०.३९ आणि ०.७८.

म्हणून पुन्हा सांगते: कल त्याच वर्गात, त्याच टेबलावर तपासायचा, जिथं प्रयोग होणार आहे. टेबल एका बाजूला जरा कललेलं असतंच, फरशीलाही उतार असतो. काल जमला होता हे कारण चालणार नाही. आणि ही तपासणी मुलांसमोर करा. धक्का दिलेली गाडी एकाच वेगानं जाते, बलं संतुलित आहेत, हाच पहिला नियम. तो दाखवायला वेगळी तासिका लागत नाही. गॅलिलिओचा कलत्या फळीचा प्रयोग १६३८ साली छापून आला. त्यानंही फळीतली खाच गुळगुळीत करून आत चर्मपत्र चिकटवलं होतं, मग कांस्याचा गोळा सोडला, आणि वेळ मोजला भांड्यातून गळलेलं पाणी तोलून. घर्षणाचा बंदोबस्त आधी, मोजमाप नंतर.

अंतर ६०च सेंटिमीटर का? टेबल पाऊण मीटर उंच असतं, मीटरभर अंतर धरलंत तर वजन आधीच जमिनीवर टेकतं आणि पुढचा वेळ वाया. कप्पीपर्यंतचा दोरा फळीला समांतर ठेवा. गाडी हातानं सोडू नका, नकळत ढकलली जाते. पुढं पट्टी आडवी धरा आणि झटकन वर उचला.

वेळ स्टॉपवॉचवर नको. बोट दाबायला ०.२ सेकंदाच्या आसपास उशीर होतो, आणि त्वरण काढताना वेळेचा वर्ग येतो, म्हणजे चूकही दुप्पट. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये काढा, मोबाइल स्टँडवर. बॅटरी भरलेली.

प्रत्येक ओढीला तीन वेळा, सरासरी, आलेख मुलांकडून. रेषा शून्यातून गेली नाही तर आधी कल बघा. कप्पीला तेलाचा एक थेंब. फळीच्या टोकाला जुनी उशी, गाडी खाली पडली तर चाक वाकतं. नववी ‘ब’मध्ये नेताना टेबल बदलतं: वह्या बरोबर घ्या, आणि कल परत तपासा.