दुसऱ्याच्या आजीचं एक पान

नेरूळला राहणारी माझी एक मैत्रीण दर आठवड्याला चित्रकथेचं एक पान काढते. आजी आणि नात, एवढीच दोन पात्रं. जूनमध्ये तिचं मनगट धरलं, डॉक्टरांनी महिनाभर पेन हातात घ्यायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हा तिचा फोन आला. "एक पान तू काढशील?" पात्रं तिची, हात माझा. पाहुणं पान म्हणतात ते हेच. असं बोलावणं पहिल्यांदा येतं तेव्हा आनंद होतो आणि सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही, म्हणून माझं पान कसं झालं ते सांगते.

पेन्सिल उचलण्याआधी विचारून घ्या. पानाचा आकार काय, रंगीत की काळं-पांढरं, कधीपर्यंत हवंय, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूळ गोष्ट आत्ता कुठे आली आहे. मैत्रीण म्हणाली, "काहीही कर, फक्त आजीला आजारी पाडू नकोस. ते माझ्या पुढच्या पानांत यायचंय." माझ्या डोक्यात पहिली कल्पना दवाखान्याचीच होती! पाहुण्या पानात घडलेलं पानातच संपावं. तिच्या गोष्टीला पुढे काही निस्तरायला लागू नये.

मग दोन संध्याकाळी मी तिची जुनी पानं नुसती बघत बसले. ती ब्रशने काम करते, रेषा जाड-बारीक होत जाते. मी निबवाली. तिची रेषा काढायचा प्रयत्न करायचा नाही, हे मी लगेच ठरवलं. नक्कल केलेली रेषा घाबरलेली दिसते. आजी ओळखू येते ती रेषेमुळे नाहीच. मान थोडी पुढे, काष्टा घट्ट, हातात कापडी पिशवी, आणि नात तिच्या खांद्याला लागते. ही आकृती आतून पूर्ण काळी भरून बघा. तरीही आजीच वाटली, तर पुढे जा. मी अशा दहा-बारा काळ्या आज्या काढल्या.

गोष्ट रोजच्या प्रवासातून मिळाली. वाशीची लोकल ठाण्याहूनच सुटते, त्यामुळे जरा लवकर गेलं की खिडकी मिळते. आजीला खिडकी मिळते. खाडी जाते, ऐरोली जातं, घणसोली जातं. वाशीला सगळे उतरतात, नात हात धरून ओढते, आणि आजी बसल्या जागेवरून म्हणते, "आता परत ठाण्यालाच जाणार ना ही?" बस, एवढंच. नवीन मंडळी एका पानात तीन प्रसंग कोंबतात. एका पानात एक प्रसंग आणि एक वळण मावतं.

कच्चा आराखडा बोटभर उंचीचा काढा. मी नऊ काढले. पहिल्या चारांत सहाही चौकटी सारख्या होत्या आणि गाडी पुढे सरकतच नव्हती. पाचव्यात खाडीपुलाची चौकट पानाच्या पूर्ण रुंदीची केली, तिथले शब्द काढून टाकले. नुसती तिवरं, पाणी आणि गजांमागे आजीचा चेहरा. पान तिथे श्वास घ्यायला लागलं. उरलेले चार आराखडे मी केवळ खात्री करायला काढले, वापरला पाचवाच.

आता अक्षरं. इथे जरा थांबते, कारण माझं पान इथेच फसलं होतं. चित्र आधी आणि अक्षरं उरलेल्या जागेत, असं मी केलं. शेवटच्या चौकटीत आजीच्या वाक्याची वेलांटी संवादाच्या फुग्याच्या कडेला जाऊन चिकटली, खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकारात घुसला. देवनागरीला वरही जागा लागते आणि खालीही. ओळींमधलं अंतर इंग्रजी कॉमिकमध्ये दिसतं त्याहून बरंच जास्त ठेवावं लागतं. म्हणून वाक्य आधी लिहा, मग त्याभोवती फुगा, मग उरलेल्या जागेत माणसं. आपण डावीकडून वाचतो, तेव्हा आधी बोलणारं पात्र शक्यतो डावीकडे उभं करा, नाहीतर फुग्यांची शेपटं एकमेकांवरून जातात. ती अख्खी चौकट मी वेगळ्या कागदावर पुन्हा काढली आणि मूळ पानावर चिकटवली.

अक्षराचा आकारही मोजून ठरवा. मी ए-थ्री कागदावर काढते, त्याची रुंदी २९७ मिलिमीटर. मोबाइलवर तेच पान जेमतेम ७० मिलिमीटर रुंद दिसतं. म्हणजे कागदावरचं ६ मिलिमीटरचं अक्षर तिथे दीड मिलिमीटरही उरत नाही. मी ८ केलं. सोपी परीक्षा म्हणजे पेन्सिलचं काम झालं की फोटो काढून, मोठा न करता, स्वतःच्याच मोबाइलवर वाचून बघायचं.

शाईचं थोडक्यात. खालचं रेखाटन फिकट निळ्या पेन्सिलीने करते, वर वॉटरप्रूफ काळी शाई. ठाण्यातल्या जुलैत कागद दमट होतो, शाई सुकत नाही आणि निबची रेषा फुटते. कागद आदल्या रात्री प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवा, हाताखाली सुती रुमाल घ्या, आणि उजव्या हाताने काढत असाल तर डावीकडून उजवीकडे शाई भरत जा. स्कॅन ६०० डीपीआयचाच, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांचाच, मागा. मी स्टेशनजवळच्या एका दुकानात न विचारता स्कॅन घेतला, तो २०० चा निघाला आणि गजांच्या बारीक रेषा तुटक आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

पान पाठवण्याआधी दोन ओळी लिहून ठरवून टाका. पान तिच्याकडे आधी लागेल, मी नंतर लावीन, पात्रं तिची, मूळ कागद माझ्याकडे. जवळची मैत्रीण असली तरी लिहा, पुढे दोघींनाही बरं पडतं. सही चौकटीबाहेर, छोटी.

रात्री पान पाठवलं. सकाळी तिचं उत्तर आलं, "खाडी फार आवडली. पण चौथ्या चौकटीत पिशवी उजव्या हातात आहे. आजी ती कायम डाव्या हातात धरते, उजव्या हातात नात असते." मी तिची जुनी पानं पुन्हा उघडली. प्रत्येक पानावर तसंच होतं. पांढऱ्या रंगाने पिशवी पुसली, डाव्या हातात काढली, आणि रिकाम्या उजव्या हातात नातीची बोटं दिली.