लंडनचं इंपीरियल वॉर म्युझियम: बघायला जाताना या चुका टाळा

पहिली चूक घरातूनच सुरू होते, ती म्हणजे चुकीचा पत्ता. ‘इंपीरियल वॉर म्युझियम’ या नावाखाली एक नव्हे, पाच ठिकाणं आहेत. चर्चिल वॉर रूम्स (दुसऱ्या महायुद्धात चर्चिल सरकार जिथून युद्ध चालवायचं ती तळघरं) व्हाइटहॉलजवळ, एचएमएस बेलफास्ट ही युद्धनौका टॉवर ब्रिजजवळ, विमानं केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला आणि एक शाखा मँचेस्टरला. मुख्य संग्रहालय लंडनच्या लॅम्बेथ रोडवर आहे आणि तिथे प्रवेश मोफत आहे. वॉर रूम्सना मात्र तिकीट लागतं आणि तेही आधी काढलेलं बरं. दोन्ही एकच समजून भलत्या दारात उभे राहिलेले लोक कायम दिसतात. लॅम्बेथला जायचं तर भुयारी रेल्वेच्या बेकरलू लाइनचं लॅम्बेथ नॉर्थ स्टेशन सर्वांत जवळचं. दारात युद्धनौकांवरच्या दोन अजस्र तोफा दिसल्या की योग्य ठिकाणी पोचलात. (इमारत पूर्वी बेथलेम हे मनोरुग्णांचं इस्पितळ होती. १९३६ मध्ये युद्धाचं संग्रहालय तिथे आलं. ज्यानं जागा निवडली त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी!)

आत शिरताच डोक्यावर स्पिटफायर हे लढाऊ विमान आणि समोर उभं जर्मनांचं व्ही-२ रॉकेट. बहुतेकांचा पहिला अर्धा-पाऊण तास इथेच फोटोंत जातो. फोटो काढा, पण लगेच पुढे सरका, कारण खरं संग्रहालय बाजूच्या दालनांत आहे. दोन-अडीच तासच हाताशी असतील तर दोन्ही महायुद्धं ‘उरकायचा’ हट्ट धरू नका. तळमजल्यावरचं पहिल्या महायुद्धाचं दालन निवडा, किंवा वरचं दुसऱ्याचं. दोन्ही धावत बघणाऱ्याला संध्याकाळी फक्त गणवेश आणि हेल्मेटं आठवतात. माझं मत विचाराल तर पहिलं महायुद्ध निवडा, कारण त्याबद्दल शाळेत आपल्याला जवळजवळ काहीच शिकवलेलं नसतं.

सर्वांत महागात पडणारी चूक होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या दालनाबाबत होते. लोक ते ‘शेवटी बघू’ म्हणून ठेवतात. पाय दुखत असतात, बंद व्हायची वेळ जवळ आलेली असते, आणि तिथे उभं राहून वाचायचा मजकूर तर भरपूर असतो. ते बघायचंच असेल तर सकाळी दहाला दार उघडल्यावर थेट तिथेच जा आणि नंतर कॅफेत थोडं बसा. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी हे दालन योग्य नाही असं संग्रहालयच सांगतं. तरीही ‘आमचा बंड्या धीट आहे’ म्हणणारे आईबाप असतातच. त्यापेक्षा एकानं मुलांना घेऊन रणगाडे दाखवावेत, दुसऱ्यानं आत जावं आणि मग अदलाबदल करावी.

मराठी माणसाची खास चूक वेगळीच. आत गेल्या गेल्या तो ‘भारतीय विभाग कुठे?’ म्हणून शोधू लागतो. भारतीय सैनिक तिथे आहेत, पण मोहिमांच्या कथनात विखुरलेले. त्यामुळे जाण्याआधी दोन-तीन नावं मनात पक्की करून जा. एक म्हणजे मेसोपोटेमियातलं (आजच्या इराकमधलं) कुत. तिथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेल्या ब्रिटिश भारतीय सैन्याच्या सहाव्या डिव्हिजनचं नावच ‘पूना डिव्हिजन’ होतं, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. दुसरं इटली. १९४४ मध्ये यशवंत घाडगे यांना आणि १९४५ मध्ये नामदेव जाधव यांना तिथल्याच लढायांतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर. ही नावं डोक्यात असली की नकाशावरचा एखादा बाणही थांबून बघावासा वाटतो.

बाकी किरकोळ गोष्टी. दारात बॅगा तपासतात, त्यामुळे विमानतळावरून थेट सुटकेस ओढत येऊ नका. २४ ते २६ डिसेंबर संग्रहालय बंद असतं. फोटोबद्दलची सूचना प्रत्येक दालनाच्या दारात वाचा.

‘आमच्या पणजोबांचं नाव कुठे दिसेल?’ असं विचारत दालनं पालथी घालणं म्हणजे वेळेची नासाडी. युद्धात मरण पावलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर घरबसल्या आणि फुकट शोधता येतात. नाव सापडत नसेल तर बहुधा इंग्रजी स्पेलिंगचा घोळ असतो. तेव्हाच्या कारकुनानं जाधवांचं काय केलं असेल सांगता येत नाही. अशा वेळी आडनाव सोडा, फक्त पहिलं नाव टाका आणि भारतीय सैन्य व रेजिमेंट यांची चाळणी लावा. ‘मराठा’ हा शब्दही जुन्या कागदांत ‘महरट्टा’ अशा स्पेलिंगनं येतो, तेही करून बघा. आणि पणजोबा जिवंत परतले असतील तर या यादीत त्यांचं नाव नसणारच. मग आधी घरातली ट्रंक उघडा, डिस्चार्जचा कागद किंवा पदक शोधा. पदकाच्या कडेवर बऱ्याचदा सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. अर्थात, हे पहिल्या महायुद्धाच्या पदकांबाबत. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश पदकं अनेकदा कोरीच असत, पण भारतीय सैनिकांना दिलेल्यांवर नाव सापडण्याची शक्यता असते, म्हणून भिंग घेऊन बघा.