खंदकात घडलेले शस्त्र संग्रहालयात कसे पाहावे

पहिल्या महायुद्धातील सैनिकांनी हाताशी असेल त्यातून घडवलेले सोटे, सुरे आणि डब्यांचे बॉम्ब लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये काचेआड मांडलेले आहेत. बहुतेक लोक त्यांवर नजर टाकून पुढे सरकतात, आणि मला ते मनापासून खटकते. कारण सरकारने दिलेल्या शस्त्राने कोणते काम भागत नव्हते, हे या ओबडधोबड वस्तूंइतके स्पष्ट दुसरे काहीच सांगत नाही.

सर्वप्रथम वस्तू आधी काय होती, हे शोधावे. अनेक ब्रिटिश सोट्यांचा दांडा हा खंदक खणण्याच्या छोट्या अवजाराचा असतो. टोकाशी नीट निरखले तर त्याचे मूळ धातूचे कडे दिसते आणि त्यावर दातेरी ओतीव लोखंड बसवलेले आढळते. फ्रेंच सैनिकांनी काटेरी तारेचे लोखंडी खांब वाकवून भोसकण्याचे हत्यार केले. संगीन लावलेली ब्रिटिशांची ली-एनफिल्ड रायफल दीड मीटरहून लांब असल्यामुळे अरुंद खंदकात ती वळवणे कठीण जाई, शिवाय रात्रीच्या छाप्यात गोळीचा आवाज सगळा बेत उधळून लावी, हे लक्षात घेतले की सोट्याचे कारण आपोआप कळते.

त्यानंतर काळ पाहावा. मिल्स बॉम्ब हा ब्रिटिश हातबॉम्ब 1915 मध्ये आला. त्याआधीच्या अधिकृत ब्रिटिश हातबॉम्बला लांब दांडा होता आणि फेकण्यासाठी हात मागे नेताना तो खंदकाच्या भिंतीवर आपटला तर तिथेच फुटे. त्यामुळे मुरंब्याच्या डब्याचा बॉम्ब दिसला, तर तो बहुधा युद्धाच्या पूर्वार्धातला समजावा.

एकसारख्या वस्तू अनेक दिसल्यास त्या आघाडीमागच्या कार्यशाळेत बनल्या असाव्यात. तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या आघाडीवर मे 1915 मध्ये ऑस्ट्रेलियन सैनिक विल्यम बीच याने दोन आरसे लाकडी चौकटीत बसवून डोके वर न काढता नेम धरता येईल अशी रायफल तयार केली, आणि लवकरच तिथल्या किनाऱ्यावर अशा चौकटी सर्रास बनू लागल्या.

मराठी वाचकाने आजच्या इराकमधील कूत या शहराला तुर्की सैन्याने घातलेला वेढाही आठवावा. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात तिथे 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या, आणि त्या वेढ्यात विमानाच्या इंजिनाच्या सिलिंडरपासून उखळी तोफ तयार करण्यात आली. तोफा नव्हत्या असे नाही. मात्र शेजारच्या खंदकात वरून गोळा टाकणारे साधन नव्हते.

खासगी विक्रीत मात्र सावध राहावे. सोट्याची नक्कल सोपी असते, म्हणून गंज, चामड्याचा पट्टा आणि दांड्यावरची झीज एकमेकांशी जुळते का, हे तपासावे, आणि वस्तू कोणाकडून कशी आली याची लेखी नोंद मागावी. नोंद नसेल, तर केवळ रूपावरून ती युद्धकालीन मानू नये.